बाबनराव धकाते यांचा इस्राएल

सदर भागातल्या एका गल्लीत बाबनराव धकाते यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. नागपुरात मार्च लागला की कूलरवाल्याला जावयापेक्षा जास्त मान मिळतो. बाबनरावांनाही मिळतो, पण त्यांचं मन त्यात रमत नाही. त्यांचं मन यरुशलेमेत असतं. पंपांच्या आणि कूलरला लावायच्या गवती ताट्यांच्या ढिगामागे भिंतीवर त्या शहराचा नकाशा टांगलेला आहे. गिऱ्हाईक म्हणतं, पंप पाणी ओढत नाही. बाबनराव पंप उलटा करतात, जाळीतला गाळ काढतात आणि विचारतात की इस्राएलचं पुढे काय होणार, ठाऊक आहे का? गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. त्याला घरी उकडत असतं.

धकात्यांचे आजोबा उमरेडचे, मागावर लुगडी विणणारे. एकदा आजारी पडून मिशनच्या दवाखान्यात गेले आणि घरी परतले ते ख्रिस्ती होऊनच. तिसऱ्या पिढीत माग गेला, पण धागा न तोडता तासन् तास एकच काम करत बसायची सवय राहिली. बाबनरावांनी ती शास्त्राच्या अभ्यासाला लावली. त्यातही एकाच प्रश्नाला.

शेवटच्या काळात इस्राएल लोक पश्चात्ताप करतील, यावर त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत कोणाचं दुमत नव्हतं. दुमत होतं ते क्रमाबद्दल. बाबनराव म्हणत, आधी ते सगळे लोक मन पालटतील, रडतील, हाका मारतील, आणि मगच मसीहा, म्हणजे येशू, परत येईल. कूलरमध्ये आधी पाणी भरावं लागतं, हवा मागून थंड होते. त्यांची मोठी बहीण चंद्रकलाबाई म्हणायच्या की छे, आधी तो येईल. ज्याला आपण भोसकलं तो हाच, हे ते डोळ्यांनी पाहतील आणि एकुलतं एक लेकरू गेल्यासारखे रडतील. चंद्रकलाबाई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. आधी बरे होऊन या, मग तपासतो, असं कोणता डॉक्टर म्हणतो, असा त्यांचा सवाल असे. बायबलातला संदेष्टा जखऱ्या दोघांनाही पाठ होता आणि दोघांच्याही बाजूने बोलत होता.

मंडळीचे नवे पाळक पियूष यांनी एकदा तिसरंच मत मांडलं. इस्राएल म्हणजे आता विश्वास ठेवणारे सगळेच, तुम्ही-आम्हीसुद्धा, एका वेगळ्या राष्ट्राच्या पश्चात्तापाकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही, असं ते नम्रपणे म्हणाले. त्या संध्याकाळी भाऊ-बहीण एक झाले. दोघांनी मिळून, पौलाच्या पत्रांचा आधार घेत, पोह्यांच्या दोन फेऱ्या होईपर्यंत त्या बिचाऱ्याला इतकं समजावलं की पुढे त्यांनी त्या घरी तो विषय काढला नाही. आपल्या पश्चात्तापाची नागपुरात इतकी काळजी वाहिली जाते, याचा तिकडे इस्राएलात मात्र कोणाला पत्ता नव्हता.

हे सगळं वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं. बिनसलं ते यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात, बाबनरावांच्या घरच्या प्रार्थनासभेत. वाद नेहमीचाच होता. चंद्रकलाबाई म्हणाल्या की वाट चुकलेला पोरगा माफी मागेपर्यंत बाप दारात हात बांधून उभा राहत नाही, तोच आधी धावत जातो. मंडळीने माना डोलावल्या. पाळकांनीही डोलावली, आणि तीच बाबनरावांना झोंबली. उत्तर सुचेना, तेव्हा तोंडात आलं ते ते बोलून गेले.

"तुले लेकरू नाही, बाई. बापाचं मन तुले काय समजन?"

बाबनरावांची मुलगी वैभवी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती पाळण्यात असतानाच तिची आई गेली. त्यानंतर दवाखान्याची ड्यूटी सांभाळून तिला प्रताप नगरच्या स्वतःच्या घरात वाढवलं, शाळेत घातलं, तापात तिच्या उशाशी बसून रात्री जागून काढल्या, त्या लग्नच न केलेल्या या आत्याने. त्या खोलीतल्या एकूण एक माणसाला हे ठाऊक होतं. चंद्रकलाबाईंनी चपला घातल्या आणि चहा न घेता निघून गेल्या.

आपण काय बोललो हे बाबनरावांना त्याच क्षणी कळलं होतं. पण चूक कळणं आणि ती कबूल करणं यांच्यामध्ये त्यांच्या लेखी सदर ते प्रताप नगर एवढं अंतर होतं, आणि तेही उन्हातलं. शिवाय त्यांनी स्वतःसाठी एक बाजू रचून ठेवली. बाईने पाळकांसमोर माझा मुद्दा खोडला, सुरुवात तिची, तर वाकायचं तिनेच. मोठी असली म्हणून काय झालं? असं म्हणत त्यांनी पुष्कळ पंप दुरुस्त केले. ईस्टर आला आणि गेला. देवळात बहीण डावीकडच्या बाकावर बसली, भाऊ उजवीकडच्या, आणि दोघांनीही पुनरुत्थानाचं गाणं वेगवेगळ्या पट्टीत म्हटलं.

इकडे वैभवीचं लग्न आठवड्यावर आलं. नवरा मुलगा चेतन, कळमेश्वरच्या कारखान्यात नोकरीला. धकाते ख्रिस्ती झाले तरी हळद त्यांनी सोडली नव्हती, फक्त आता आधी प्रार्थना होते आणि मग हळद लागते. वैभवीने बापाला सांगून टाकलं की आत्या नाही तर हळद नाही, आणि हळद नाही तर लग्नही नाही. बाबनराव म्हणाले की पत्रिका तर दिली आहे, यायचं तर येईल. तेव्हा पोरगी शांतपणे म्हणाली,

"पप्पा, तुमच्या मतानं आधी पश्चात्ताप आहे ना? मंग करा ना. का तो फक्त इस्राएलनंच करायचा?"

बाबनराव दुकानात जाऊन नकाशासमोर बसले. या प्रश्नावर त्यांच्याकडे एकही वचन नव्हतं. ज्या मताच्या जोरावर ते सगळ्या मंडळीला भारी पडत, त्याच मताने त्यांची मानगूट धरली होती. बहिणीचं मत खरं मानलं असतं, तर खुशाल घरी बसून ती येण्याची वाट पाहता आली असती. पण तिचं मत खरं मानायचं म्हणजे तर आणखी कठीण.

शेवटी हळदीच्या दिवशी, भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते स्कूटरवर निघाले. घरी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगून गेलं आणि बाईने दार लावून घेतलं तर शोभा. सकाळपासून यरुशलेमेच्या बातम्या पाहून पाहून फोन बंद पडलेला होता. वाटेत त्यांनी माफीचं भाषण तयार केलं. सुरुवातीला त्यात तीन वचनं होती आणि बाईचीही थोडी चूक होती. शंकर नगरच्या चौकात सिग्नलला उन्हात उभे असताना त्यांनी बाईची चूक काढून टाकली. पुढे वचनंही गेली. प्रताप नगर येईपर्यंत उरलं ते इतकंच की बाई, माहं चुकलं.

आणि दाराला कुलूप.

शेजारच्या रंभाबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. सिस्टरबाई मघाशीच ऑटो करून सदरला गेल्या, हळदीचा डबा घेऊन. जाताना म्हणत होत्या की तो काही यायचा नाही, आपणच गेलेलं बरं. मला पाहिल्यावर रडेल, तोवर नाही रडायचा.

बाबनरावांना आधी आला तो राग. माझ्या पश्चात्तापासाठी ती थांबलीसुद्धा नाही! इतक्या उन्हात मी आधी निघालो, आणि ही तिकडे घरात जाऊन बसली म्हणजे तिचंच मत खरं ठरणार. ते तणतणत उठले, आणि उठता उठता त्यांची नजर खिडकीबाहेरच्या कूलरकडे गेली.

तो कूलर त्यांनीच बसवला होता. दरवर्षी होळी झाली की ते येऊन त्याच्या ताट्या बदलत, पंपाला तेल देत, बाईच्या हातचं जेवून परत जात. यंदा आले नव्हते. ताट्या गेल्या वर्षीच्याच होत्या, काळ्या पडलेल्या, एका बाजूचं गवत गळून खाली पडलेलं. टाकीत पाण्याचा थेंब नव्हता. एप्रिल संपत आला होता. बाबनरावांनी आत हात घालून पंप फिरवून पाहिला, तो जाम झाला होता. विदर्भातला उन्हाळा बाईने पंख्यावर काढला होता.

"मी म्हटलं ना त्यायले, गल्लीतल्या पोराले बोलावून देतो," रंभाबाई म्हणाल्या. "नाही म्हणत. माहा भाऊ येईन, म्हणत. दुसऱ्याचा हात लागू दिला नाही."

पन्नाशी उलटलेला, मिशा पांढऱ्या झालेला माणूस कूलरच्या जाळीला धरून रडू लागला. रंभाबाईंना वाटलं ऊन लागलं. त्या कांदा आणायला आत पळाल्या.

बाबनराव सदरला परतले तेव्हा अंगणात मांडव घातलेला होता आणि चंद्रकलाबाई पाटावर बसून वाटीत हळद कालवत होत्या. शेजारी वैभवी, आजूबाजूला बाया, एका खुर्चीत पाळक पियूष. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. चंद्रकलाबाईंनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उन्हाने रापला होता, आणि भावाचे डोळे लाल होते.

"गेला कुठं होता?" त्यांनी विचारलं.

"तुझ्या घरी."

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. हळद कालवायची थांबली. पण त्याही धकात्यांच्याच घरातल्या, इतक्या सहज सोडणार थोड्याच.

"रडलेला दिसतो. मले तं आत्ता पाहून राहिला. काय पाहून रडला?"

"तुझा कूलर."

पाळक पियूष यांना ठसका लागला. बाया हसल्या. चंद्रकलाबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणजे पाहूनच रडला ना, असं त्या म्हणाल्या. बाबनराव म्हणाले, रडलो पाहून, पण घरून निघालो होतो तो पाहायच्या आधीच. यावर चंद्रकलाबाईंनी थोडा विचार केला. मंडळीही ऐकू लागली, कारण हा मुद्दा आजवर सभेत कोणी मांडला नव्हता.

"मंग काहून निघाला?" त्यांनी विचारलं.

बाबनरावांनी वाटेत तयार केलेलं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. ते छोटंसंच होतं, तरी तोंडात येईना. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"पोरीची हळद होती," ते म्हणाले, "अन् तिची माय घरात नव्हती."

हळदीचे हात तसेच वर धरून चंद्रकलाबाई दंडाने डोळे पुसत राहिल्या. मग वैभवीनेच वाटी त्यांच्या जवळ सरकवली आणि आपला गाल पुढे केला.