रिकाम्या लखोट्याची नोंद

वसुधाताई केळुसकर यांची आणि माझी पहिली भेट मिसिसागाजवळच्या एका पोलिश संग्रहालयाच्या बेसमेंटमध्ये झाली. त्या भेटीत त्यांनी सर्वप्रथम माझ्या खिशातले शाईचे पेन काढून घेतले आणि हातात शिसपेन्सिल ठेवली. अभिलेखागारात शाई चालत नाही, एवढेच त्या म्हणाल्या. मी तेव्हा नुकताच स्थापत्य अभियंत्याच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो. पत्नीच्या निधनानंतर सकाळची पूजा आणि पाठ आटोपला की उरलेला दिवस मोकळा असे. मुलीने ‘बाबा, कुठेतरी व्हॉलंटिअर करा’ असा धोशा लावला होता, आणि घरापासून एकाच बसने जाता येईल असे ठिकाण हे होते. पोलिश लोकांविषयी मला काहीही ठाऊक नव्हते. कोल्हापूरची एक मराठी बाई तिथली प्रमुख अभिलेखपाल आहे, हे पाहून मी चकित झालो होतो.

त्याचे कारण पुढे हळूहळू कळले. महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी पोलिश निर्वासितांची छावणी होती. वसुधाताईंचा जन्म ती छावणी उठल्यानंतरचा. पण त्यांच्या घरी त्या गोऱ्या बायकामुलांच्या आठवणी निघत, आणि आजोबांच्या दुकानातली मोडक्या मराठीतली घासाघीस हा घरातला नेहमीचा विनोद होता. विवाहानंतर ताई कॅनडात आल्या, ग्रंथपालनाचे शिक्षण घेतले आणि वयाच्या चाळिशीत चर्चमधल्या आजीबाईंकडून पोलिश शिकल्या. त्या आजीबाई त्यांच्या उच्चारांना मनसोक्त हसत. ताई आजही ते सांगताना स्वतः हसतात.

त्यांच्या विद्वत्तेविषयी त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात इतर अधिकारी व्यक्ती लिहितील. मी त्यांच्या कामाच्या शिस्तीविषयी लिहितो. एखाद्या कुटुंबाकडून आलेली कागदपत्रे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने ठेवायची, हा त्यांचा पहिला नियम. मी एकदा पत्रे तारखेनुसार लावून ठेवली आणि शाबासकीची वाट पाहत राहिलो. ताईंनी खुर्ची ओढली आणि ती सारी पुन्हा मूळ क्रमाने लावायला मला दोन दिवस मदत केली. कोणते पत्र कोणत्या पत्राशेजारी ठेवले होते, हीसुद्धा त्या कुटुंबाने सांगितलेली गोष्ट आहे, असे त्यांनी समजावले. माझे वडील घनपाठी वैदिक होते. पठणात एक पद इकडचे तिकडे झाले तर ते पुन्हा आरंभापासून म्हणायला लावत. त्यामुळे ताईंचा नियम मला परका वाटला नाही.

सत्याच्या बाबतीतही त्या तितक्याच कठोर आहेत. आपल्या इथल्या मराठी मंडळाने एकदा त्यांना वळिवड्याच्या छावणीवर बोलायला बोलावले. आपण त्या लोकांना कसा आसरा दिला हे ऐकायला सभागृह उत्सुक होते. ताईंनी आसऱ्याची गोष्ट सांगितलीच, पण त्याबरोबर उन्हाच्या, विंचवांच्या आणि घरच्या आठवणींच्या तक्रारी असलेली पत्रेही मराठीत वाचून दाखवली. चहाच्या वेळी एक गृहस्थ मला म्हणाले, ‘बाईंनी जरा मूड घालवला.’ मी तेव्हा त्यांच्याशी सहमत होतो, हे इथे कबूल करतो.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो.

हालिनाबाई या वळिवड्याच्या छावणीत बालपण गेलेल्या, आता नव्वदीला टेकलेल्या पोलिश विदुषी. त्यांच्या आईची पत्रपेटी संग्रहालयाला मिळावी म्हणून ताई दोन वर्षे त्यांच्याकडे जात-येत होत्या. अखेर पेटी आली. दानपत्रावर सही तेवढी राहिली होती. पेटीतील वस्तूंची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले.

एका लखोट्यात पत्राबरोबर पांढऱ्या, कागदासारख्या पातळ पोळीचा तुकडा निघाला. त्यावर नक्षी उमटलेली होती. याला ओप्वातेक म्हणतात, नाताळच्या संध्याकाळी चर्चमधून आणलेली ही पोळी घरातले सारे एकमेकांच्या हातातून मोडून खातात, हे मला एव्हाना ठाऊक झाले होते. माझ्या मनाने लगेच निवाडा केला. हा प्रसाद आहे. प्रसाद सेवन करावा, अन्यथा त्याचे विसर्जन करावे. तो पेटीत शिळा ठेवणे हा दोष. शिवाय अन्नपदार्थाने कीड लागते, म्हणून तो अभिलेखागारात ठेवत नाहीत, हेही मी ऐकले होते. धर्म आणि नियम दोन्ही माझ्या बाजूने आहेत असे मला वाटले. त्या दिवशी दुपारी मी गावाजवळच्या सरोवरावर गेलो, तो तुकडा हात जोडून पाण्यात सोडला आणि समाधानाने घरी आलो. कागद नव्हता म्हणून यादीत त्याची नोंदही केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे ताईंना काहीशा अभिमानानेच सांगितले. त्यांनी हातातले काम खाली ठेवले. अन्नपदार्थ आढळला तर तो वेगळा ठेवून त्यांना दाखवायचा, असा नियम होता. मी त्यातले अर्धेच ऐकले होते. मग त्यांनी त्या तुकड्याविषयी हालिनाबाईंकडून ऐकलेले मला सांगितले. हालिनाबाईंचे वडील सैन्यात होते. त्यांनी आघाडीवरून छावणीत पाठवलेल्या शेवटच्या पत्रात अर्धा ओप्वातेक घातला होता आणि दुसरा अर्धा स्वतःकडे ठेवला होता. भेटल्यावर दोन्ही मिळून खायचे असे ठरले होते. ते परतले नाहीत. आईने तो अर्धा तुकडा वळिवड्याहून कॅनडापर्यंत आणला आणि मरेपर्यंत जपला.

त्यानंतर मी जे बोललो त्याची आजही लाज वाटते. मी म्हणालो, ‘यादीत तो नाहीच. जुनी वस्तू, चुरा होऊन गेली असेल, असं त्यांना वाटेल.’ छावणीविषयीची ती दुर्मीळ पेटी हातची जाईल, ताईंची दोन वर्षे फुकट जातील, असे कारण मी दिले. ते खोटे नव्हते, पण मला स्वतःला वाचवायचे होते तेही खरे.

ताई शांतपणे म्हणाल्या, ‘अण्णा, तुम्ही रोज सकाळी देवापुढे बसता. मी बसत नाही. माझ्याकडे ही यादीच आहे.’ आणि त्यांनी हालिनाबाईंना फोन लावला.

फोनवर त्यांनी माझे नाव घेतले नाही. ‘आमच्याकडून झालं’ असेच त्या म्हणत राहिल्या. हालिनाबाई दुसऱ्या दिवशी काठी टेकत आल्या तेव्हा मी स्वतः पुढे होऊन सांगितले. त्यांनी मला नखशिखान्त पाहिले आणि म्हणाल्या, ‘देवाचं एवढं करतोस, मग माणसाला विचारायला काय होतं?’ नंतर, कोणत्या किनाऱ्यावर, एवढेच विचारले. मी सांगितले. त्या पेटी घेऊन निघून गेल्या. ताईंनी ती गाडीपर्यंत स्वतः उचलून नेली. परतल्यावर मला म्हणाल्या, ‘आज रोडवर ब्लॅक आइस आहे, दिसत नाही पण पाय घसरतो, बसने जाऊ नका. मी राइड देते.’ मी येणे बंद करीन अशी त्यांना भीती होती, हे मला पुष्कळ नंतर कळले.

हिवाळा सरला, आणि हालिनाबाई पेटी घेऊन परत आल्या. त्या सरोवरावर जाऊन आल्या होत्या. आई गेल्यावर तो तुकडा आपल्याला खाववत नव्हता आणि टाकवतही नव्हता, असे त्यांनी सांगितले. मला मात्र त्या म्हणाल्या, ‘मी तुला माफ केलं असं समजू नकोस. ठरवायचं ते मी ठरवायचं होतं.’ मग ताईंकडे वळून म्हणाल्या, ‘तू खरं सांगितलंस, म्हणून पेटी इथे ठेवते. पण हेही लिहायचं.’ ताईंनी ते त्यांच्यासमोरच लिहिले. लखोटा त्याच्या मूळ जागी आहे. नोंदीत पत्राचा तपशील आहे, आणि त्याखाली, सोबतचा अर्धा ओप्वातेक एका स्वयंसेवकाने श्रद्धेने, परंतु परवानगीवाचून, सरोवरात विसर्जित केला, असे वाक्य आहे. ‘श्रद्धेने’ हा शब्द हालिनाबाईंनी घालायला लावला. ‘परवानगीवाचून’ हा ताईंनी. मला दोन्ही मान्य आहेत. अपरिग्रह, न्यास, निर्माल्य या शब्दांचे अर्थ मी आयुष्यभर वाचत आलो. दुसऱ्याची वस्तू सांभाळणे म्हणजे काय, हे त्या एका ओळीने मला शिकवले.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. अजूनही त्या आठवड्यातून दोन दिवस बेसमेंटमध्ये येतात आणि माझ्या याद्या तपासतात. गेल्या नाताळात हालिनाबाईंनी आम्हा दोघांपुढे ओप्वातेक धरला. ज्याच्या हातातला तुकडा आपण मोडतो त्याच्यासाठी त्या क्षणी आरोग्य आणि आयुष्य मागायचे, अशी त्यांची रीत आहे. वसुधाताईंच्या हातातला तुकडा मोडताना मी माझ्या देवाकडे त्यांच्यासाठी शतायुष्य मागितले, डोळ्यांना बारीक अक्षर वाचण्याचे बळ मागितले आणि त्यांच्या पेन्सिलीला टोक राहो असेही मागितले. तेच मागणे आज या ग्रंथातून सर्वांच्या साक्षीने पुन्हा करतो.

त्यांच्या हातातून मोडून घेतलेला तो तुकडा मी खाल्ला नाही. लखोट्यात घालून या लेखासोबत त्यांच्याकडे पाठवत आहे. तो खावा, जपावा की पाण्यात सोडावा, हे त्यांनी ठरवावे.