विरलेली कॉलर

कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या ऑफिसात साहेब इंग्रज होते. घराणं मोठं, पण शर्टाची कॉलर पार विरलेली. रोज कडक इस्त्रीत येणाऱ्या इंग्रज फोरमनला ते हसायचे. म्हणायचे, "फार धडपडतो बिचारा." खानदानी माणसाला नवं दिसायची गरज नसते, हे मला तेव्हा कळलं. आम्हाला मात्र होती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दिवाळीत साहेब आणि मॅडम आमच्याकडे जेवायला आले. बायकोने नवा डिनर सेट काढला होता. तेवढ्यात बेल वाजली.

दारात माझा सख्खा चुलतभाऊ. तो एसी मेकॅनिक होता, नजमा नावाच्या कामगारवस्तीत सहा जणांबरोबर एका खोलीत राहायचा. काकूने गावाहून पाठवलेला चकल्यांचा डबा घेऊन बसने आला होता. त्याचीही कॉलर विरलेली, थेट साहेबांसारखी.

"कोण आलंय?" साहेबांनी विचारलं.

मी इंग्रजीत म्हणालो, "एसीवाला."

अजूनही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

तेवढं इंग्रजी भावाला कळत होतं. त्याने डबा कोपऱ्यात ठेवला, चपला काढल्या, स्टूल मागितलं. चांगला चालणारा एसी उघडला, जाळी पुसून परत बसवली. साहेब त्याला "थँक यू" म्हणाले. मी तेवढंही म्हणालो नाही.

मला जन्मभर "दादा" म्हणणारा तो दारात वळला आणि हिंदीत म्हणाला, "इसमें कुछ खराबी नहीं है, साब."