कडीला टांगलेलं इंटरनेट

यादीत आमच्या खोलीसमोर शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द होते: ‘घर बंद’. शेजारच्या रकान्यात एकच: ‘अपात्र’.

भांडुपच्या डोंगरउतारावरची आमची गल्ली पुनर्विकासात जाणार हे कित्येक वर्षं नुसतंच ऐकू येत होतं. मग एकदा सर्वेक्षणवाले आले. आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी अकराला. त्या वेळी आई मुलुंडच्या पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटत असते. पहाटे साडेपाचला जाते, दुपारी दोनला येते. मीही कामावर. दाराच्या कडीला कुलूप. त्यांनी कुलूप पाहिलं, ‘बंद’ लिहिलं आणि पुढच्या दारी गेले. ज्या घरातली बाई कमावते ते घर बंद, असा हा न्याय.

खोली आईच्या नावावर आहे. बाबा गेल्यावर तिनं एकेका कचेरीत उभं राहून ती नावावर करून घेतली. अपात्र ठरली तर नव्या इमारतीत तिला घर नाही, आणि जुनं तर पाडणारच. हरकत नोंदवायला सात दिवस दिले होते. फक्त ऑनलाइन, सातव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

सातातले पहिले चार दिवस मी वाया घालवले हे आधीच कबूल करते. अन्याय झाला की आमच्या घरात जे करतात तेच मी केलं. पत्रक लिहायला बसले.

बाबा छापखान्यात अक्षरजुळणी करायचे आणि कामावरून आले की चळवळीची पत्रकं लिहायचे. मला ‘कमळ’, ‘बदक’ यांच्या आधी ‘बंधू-भगिनींनो’ वाचता यायला लागलं. बाराव्या वर्षी मी मुद्रितं तपासायची. लाल पेन हातात आलं की कोणाची भीड ठेवायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाला माफी नाही, बोलीतल्या शब्दाला तर अजिबातच नाही. गल्लीपलीकडच्या, अगदी आमच्या दारासमोरच्या मालवणी काकांनी एकदा पाण्याच्या मोर्चासाठी ओळ लिहून दिली होती: ‘पाणी आमचो हक्क आसा.’ मी ‘आमचो’चं ‘आमचा’ केलं, ‘आसा’ खोडून ‘आहे’ केलं आणि वर त्यांना समजावूनही सांगितलं. काकांनी मान डोलावली होती. गिरणीतल्या संपात ज्यांनी पोलिसांपुढे मान खाली घातली नव्हती, त्यांनी बारा वर्षांच्या पोरीपुढे ‘बरा’ म्हटलं होतं.

तर चौथ्या दिवशी माझं पत्रक पूर्ण झालं. दोन पानी. आईनं ते उभ्यानं वाचलं.

“झकास लिहिलंयस,” ती म्हणाली. “बाबांपेक्षा जास्त आग आहे. आता मला सांग, अर्ज कुठाय?”

“त्याआधी लोकांना जागं करायला हवं ना.”

“लोक पहाटेपासून जागेच आहेत गं, पाण्याला. तू अर्ज भर.”

पाचव्या दिवशी मोबाइल घेऊन मी टाकीवर चढले. आमच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. खालच्या बाजूला उंच इमारत उभी राहिल्यापासून ती गेलीच. रेंज मिळते ती वर, पाण्याच्या टाकीपाशी. तिथे उन्हात उभं राहून अर्जाचं पान उघडलं, तर ‘सादर करा’ हे बटण पडद्याच्या बाहेर. बोटानं ओढलं, मोबाइल आडवा केला, उभा केला. बटण काही आत येईना. अर्ज कॉम्प्युटरवरूनच भरायचा, एवढं कळलं.

पुनर्विकासाच्या ऑफिसातला माणूस गल्लीत फिरतच होता. “ताई, कशाला त्रास घेता? कोऱ्या फॉर्मवर सही द्या, आम्ही भरतो सगळं.” त्याला आईनं दारातूनच नमस्कार केला. कोऱ्या कागदावर सही करायची नाही हे आमच्या घरात देवासमोर दिवा लावावा तसं पाळलं जातं. फक्त घरात देव नाही.

कॉम्प्युटर घरात होता. छापखाना बंद पडला तेव्हा मालकानं बाबांना दिलेला. जुना, अवजड, पण चालू. आईची सगळी कागदपत्रं मी माझ्या ऑफिसात स्कॅन करून त्यात भरून ठेवली होती. नव्हतं ते इंटरनेट. ते होतं समोरच्या काकांकडे. मुलानं वायफाय बसवून दिलेलं, आणि काका त्यावर दिवसभर दशावतार बघायचे. त्यांनी ऐकलं तेव्हा लगेच म्हणाले, “मगे तां मशीन उचलून हाड मां हय. इंटरनेट काय माझ्या एकट्याचा आसा?”

सरळ उपाय होता, कॉम्प्युटर उचलून काकांच्या घरी न्यायचा. पण आई अडून बसली.

“नाही. त्यांनी लिहिलंय, हे घर बंद आहे. तर अर्ज याच घरातून जाईल. बंद घरातून अर्ज कसा येतो ते बघू दे त्यांना.”

अर्ज कुठून आला हे तिकडे कोणाला कळणार नव्हतं. पण चार दिवस पत्रक लिहिणाऱ्या मुलीला असं म्हणायचा हक्क नव्हता.

सहाव्या दिवशी घाटकोपर स्टेशनजवळच्या दुकानातून यूएसबी अडॅप्टर आणला. बोटभर लांब वस्तू, वर छोटीशी अँटेना. सगळे त्याला डोंगलच म्हणतात. कॉम्प्युटरला खोचला की तो हवेतलं वायफाय पकडतो, वायर ओढायला नको. दुकानदार म्हणाला, “लगाओ और भूल जाओ.”

सातव्या दिवशी मी सुट्टी टाकली. आई दोनला आली, हातपाय धुऊन माझ्यामागे उभी राहिली. मी डोंगल खोचला. कॉम्प्युटरनं टुंग केलं आणि लिहिलं: अनोळखी उपकरण.

“ओळख करून दे मग,” आई म्हणाली.

ती विनोद करत होती, पण खरंच तसंच असतं. ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम आत घातल्याशिवाय जुना कॉम्प्युटर डोंगलला ओळख दाखवत नाही. तो प्रोग्राम डब्यातल्या सीडीवर होता. आमच्या कॉम्प्युटरचा सीडीचा कप्पा बाबा असतानाच अडकला होता. दुसरीकडे तो मिळतो इंटरनेटवर. म्हणजे इंटरनेट यायला आधी इंटरनेट हवं. रहिवासाचा दाखला काढायला रहिवासाचा दाखला मागणाऱ्या खिडकीची मला आठवण झाली.

डोंगलच्या पाठीवरचा बारीक नंबर कागदावर उतरवून मी टाकीकडे पळाले; समोर काकांच्या वायफायवर हे झालं असतं, ते घाईत सुचलंच नाही. शंभरेक पायऱ्या असतील. वर त्या नंबराचा ड्रायव्हर शोधून मोबाइलवर उतरवला, खाली आले, चार्जिंगच्या वायरनं मोबाइल कॉम्प्युटरला जोडला आणि फाइल आत सरकवली. साडेतीन वाजले होते. हिरवी पट्टी भरत गेली. मग डोंगलवरचा निळा दिवा लुकलुकला.

“आली का गं धुगधुगी?”

“आली!”

पडद्यावर गल्लीतल्या वायफायांची यादी उमटली. कोणी कुत्र्याचं नाव ठेवलेलं, कोणी ‘फुकट नाही’ असं. सगळ्यात तळाला काकांचं, एकच काडी दाखवणारं. मी हात लावेपर्यंत तेही गायब. लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात आमचं टेबल. सिग्नल यायचा कुठून?

“टेबल हलव,” आई म्हणाली.

“कुठे?”

“दारात.”

आम्ही दोघींनी ते टेबल कॉम्प्युटरसकट ढकललं. पाय फरशीवर किंचाळले. अर्धं टेबल उंबऱ्याबाहेर, अर्धं आत. दार आता लावायचं म्हटलं तरी लागणार नव्हतं. डब्यात हातभर लांबीची जोडवायर होती. तिच्या टोकाला डोंगल लावला, पण तो लोंबकळायला लागला. आईनं वायर हातात घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि डोंगल दाराच्या कडीत अडकवला. त्याच कडीत, जिथलं कुलूप बघून ते लोक गेले होते.

तीन काड्या. मग चार.

“काका!” मी गल्लीतून हाक मारली. “पासवर्ड सांगा!”

काका खिडकीत आले. छाती काढून म्हणाले, “संप चालू आहे! सगळं जोडून, इंग्रजीत, लहान अक्षरात.”

मी हसत टाइप केलं. पासवर्ड चुकीचा. ‘आहे’ला दोन ए लावून पाहिलं, एक लावून पाहिलं, ‘संप’ला एन लावून पाहिलं. चुकीचा, चुकीचा, चुकीचा. चार वाजून गेले.

“काका, नक्की हाच ना?”

“मीच टाकलंय गो. आमचो संप अजून कोणी मागे घेतलो नाय. मगे बदलतलंय कित्या?”

“‘हाय’ टाकून बघ,” आई म्हणाली. “मी तर लहानपणापासून ‘हाय’च म्हणते.”

तेही टाकलं. चुकीचा. शेवटी म्हटलं, “काका, तुम्ही स्वतः येऊन टाका.”

काका चष्मा पुसत आले, गल्लीत उभे राहूनच कीबोर्डवर वाकले. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत. संप. चालू. मग ए. आता बोट एचकडे जायला हवं होतं. ते शेजारच्या एसवर गेलं. ‘काका, चुकलात,’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. काकांनी आणखी एक ए दाबला आणि एंटर ठोकलं.

‘कनेक्टेड’.

संप चालू आसा.

“अहो काका, तुम्ही ‘आहे’ सांगितलंत ना!”

“तुका शुद्ध लागता मां,” काका म्हणाले, “म्हणान ‘आहे’ सांगलंय. तूच एकदा माका शिकवलं होतंस.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते मला मान देत होते. आई मात्र खो खो हसत सुटली. “घे! लाल पेन आपल्याच पायावर पडलं!”

चार वाजून वीस मिनिटं. अर्जाचं पान उघडलं. अर्जदाराचं नाव आईनं स्वतः टाइप केलं, बाबांच्या नावासकट, सावकाश. विजेचं बिल, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र. बिलाची फाइल मोठी झाली म्हणून साइटनं ती परत फेकली. मी ती लहान करून पुन्हा चढवली. आणि मग आली ‘हरकतीचे कारण’ ही चौकट.

माझी दोन पानं तयारच होती. मी ती चिकटवली. पडद्यावर आलं: दोनशे अक्षरांपेक्षा जास्त मजकूर स्वीकारला जाणार नाही.

मी कापायला बसले. प्रत्येक वाक्य मला लाडकं. घटना, हक्क, श्रमिक स्त्रीचा इतिहास. यातलं काय टाकू? घड्याळात साडेचार. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“सगळं पूस. मी सांगते ते लिही. ‘तुम्ही आलात तेव्हा मी कामावर होते. काम करते म्हणून दाराला कुलूप होतं. मी इथेच राहते. हे घर माझं आहे.’”

मी लिहिलं. दोनशे अक्षरांत बसून वर जागा उरली. त्यात घालण्यासारखा एक शब्दही मला सुचला नाही. बाबांनी आयुष्यभर आणि मी माझ्या आयुष्यात आतापर्यंत जी पत्रकं लिहिली, त्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक हे होतं.

‘सादर करा’ हे बटण पडद्याच्या मधोमध होतं, चांगलं रुंद. आईनं दाबलं. पडद्यावरचा गोल फिरत राहिला. आम्ही तिघंही कडीवरच्या निळ्या दिव्याकडे बघत होतो, जणू त्याच्याकडे बघितलं नाही तर तो विझेल. मग पोचपावती आली. अर्ज क्रमांक, वेळ चार एक्केचाळीस, आणि त्याखाली आईचं नाव.

“अर्ज गेलो?” काकांनी विचारलं.

“गेला!”

काकांनी आमच्या उघड्या दारावर दोन्ही हातांनी थाप मारली, नाटकातल्या मृदंगासारखी. आईनं चहा ठेवला, आणि टेबल दारात असल्यानं काकांना तो उंबऱ्याबाहेरूनच दिला. पलीकडच्या खोलीतली मावशी कागदांची पिशवी घेऊन धावत आली. तिच्याही नावासमोर ‘बंद’. ती एका दवाखान्यात साफसफाईला जाते. मी मोबाइलवर तिच्या कागदांचे फोटो काढून त्याच वायरनं आत घेतले. कारणाच्या चौकटीत काय लिहायचं हे आता ठरलेलंच होतं. तिचा अर्ज चार अठ्ठावन्नला गेला.

पुढे सुनावणीचं बोलावणं आलं. आईनं त्या दिवशी अर्धी रजा घेतली आणि मूळ कागद दाखवून आली. काही महिन्यांनी सुधारित यादी लागली. मी बोट फिरवत होते, पण नाव आधी आईनंच शोधलं. शेऱ्याचा रकाना कोरा. शेजारी ‘पात्र’. मावशीच्या नावासमोरही तेच. आई यादीपुढून हलेना. “फोटो काढ,” म्हणाली, “आणि मीही दिसू दे त्यात.”

टेबल आम्ही परत कपाटापाशी नेलं, पण मोठी जोडवायर आणून डोंगल कडीवरच ठेवला. सिग्नल तिथेच चांगला मिळतो. पहाटे कामाला निघताना आई तो काढून आत ठेवते, कुलूप लावते, आणि दुपारी आली की चपला काढायच्या आधी परत अडकवते.

माझं पत्रक नंतर निघालंच. एक पानी. ‘बंद’ शेरा बसलेल्या सगळ्या घरांसाठी, अर्ज कसा करायचा ते सांगणारं. शेवटची ओळ काकांना मागितली. त्यांनी लिहून दिली आणि माझ्या हातातल्या पेनाकडे बघत उभे राहिले.

“कर काय दुरुस्त करूचा तां.”

मी कागद तसाच छपाईला पाठवला. ‘घर आमचा आसा.’