पाटेमामांचं माप

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नये. चौथीत शाळा सुटली. चुकांची आधीच माफी मागते. पाटेमामांविषयी मला तोंडाने कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मामा माणसाआधी गाडीशी बोलायचे, तेही तिच्या पाठीमागून. वारज्यात मोठ्या रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमान असते, तिला पाटे म्हणतात. वर्षानुवर्षं ओझं वाहून ते सपाट झाले की गाडी मागून बसते. मामा ते तापवून, घणाने ठोकून पुन्हा बाक आणायचे. गाडी आली की मागे उकिडवे बसत, चाक आणि पत्रा यांच्यात वीत घालत आणि विचारत, "किती दिवस सोसत होतीस?" मालक उत्तर द्यायला जाई, तर मामा म्हणत, "तुम्हाला नाही विचारलं."

रिकाम्या गाडीचं माप ते घेत नसत. रोज जो जिथे बसतो त्याने तिथे बसायचं, रोजचा माल भरायचा, मग वीत. कोथरूडचे एक साहेब म्हणाले, "मिसेसना यायला जमणार नाही." मामा म्हणाले, "मग त्यांच्या वजनाचं कुणीतरी आणा. फक्त घरी सांगू नका."

आमच्या जुन्या व्हॅनमधून माझे यजमान, म्हणजे हे, मार्केटयार्डातून कांदे-बटाटे आणून विकायचे. यांचा देहही भक्कम. पाटे दोनदा मामांनीच केले होते. मग यांच्या मणक्यात कॅन्सर निघाला. त्याच व्हॅनमध्ये मागे गादी घालून माझा भाऊ आम्हाला दवाखान्यात न्यायचा. गाडी बसलेली, शॉकअप गेलेले. स्पीडब्रेकर आला की मागून धाडकन आपटायची आणि हे दातांत टॉवेल धरायचे.

भावाने गाडी मामांकडे नेली. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून मामांनी या वेळी कुणाला बसायला बोलावलं नाही. "मालकांचं वजन मला पाठ आहे," म्हणाले. पाटे उंच केले, एक जादा पाटा घातला, नवे शॉकअप टाकले. गाडी झोकात उभी राहिली. पण आत ना पोती होती, ना पूर्वीच्या वजनाचे हे. ताठ गाडी रिकाम्या डब्यासारखी उडू लागली. त्या फेरीत हे पहिल्यांदा मोठ्याने रडले.

भावाने सांगितलं तसे मामा घरी आले. यांना पाहून दारातच थांबले. हेच म्हणाले, "या मामा. आता माझ्या जागी बटाट्याचं एक पोतं ठेवलं तरी चालेल." मामा हसले नाहीत. भावाबरोबर त्यांनी यांना अलगद उचलून गाडीत निजवलं, मागे बसून वीत घातली, आणि आमच्या दारातच जादा पाटा काढला, एक जुना पातळ पाटा लावला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना ते स्वतः मागे बसले, एक हात यांच्या पाठीखाली घालून. स्पीडब्रेकर आला. गाडी हळूच वर झाली, हळूच खाली. यांनी टॉवेल मागितला नाही. मामा मान खाली घालून चाकाचा आवाज ऐकत राहिले.

त्यानंतर यांच्या फार फेऱ्या झाल्या नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मामा आले आणि थोडे पैसे माझ्यापुढे ठेवले. "चुकलेल्या कामाचे मी ठेवत नाही, ताई. बाकीचे सामानात गेलेत, सवडीने आणीन." मी नको म्हणाले, पण माझं नको कुणाला ऐकू येतं? मग ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. नोटा ठेवायचे, चहा घ्यायचे, यांची एखादी गोष्ट सांगायचे. एकदा सांगितलं की हे कांद्याची पोती भरताना गाणं म्हणायचे. मला माहीत नव्हतं. घरी कधी म्हटलं नाही.

परवाच्या वेळी नोटा ठेवून ते म्हणाले, "मोजून घ्या, ताई. सगळे फिटले." मी मोजले. बरोबर होते. पुन्हा या, एवढं मला म्हणायचं होतं. तोवर त्यांनी चपला घातल्या होत्या.