सहा वेळा थुंकलेली भाकरी

ती पहिल्यांदा थुंकली तेव्हा मी कॅमेऱ्यामागे उभा होतो. शहरातली स्पर्धक. नाचणीच्या भाकरीचा घास घ्यायचा, तोंड वेडंवाकडं करायचं आणि अंगणात थुंकायचं. हे मीच लिहिलं होतं. रिअ‍ॅलिटी शो असाच असतो, आधी लिहिलेला.

भाकरी करणारी बाई माझी आई होती. युनिटमध्ये ते कुणालाच माहीत नव्हतं.

मासवणच्या पुढचा आमचा पाडा मीच सुचवला होता. "ओळखीतलं गाव आहे," एवढंच बोललो. या शोच्या लेखकांपैकी मी एक, आणि निवेदकही. आश्रमशाळेपासून घासूनपुसून गुळगुळीत केलेला आवाज. आडनाव कधी पुढे करायचो नाही. कुणी विचारलंच तर 'पालघरचा' म्हणून विषय बदलायचो. त्या सकाळी गाडीतून उतरलो, आई दारात आली, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नमस्कार, मावशी."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "या सायेब."

पहिला घास थुंकून झाला आणि दिग्दर्शक म्हणाला, "पुन्हा घेऊ." आईला वाटलं, पाहुणीला भाकरी खरंच आवडली नाही. ती उष्टी भाकरी घेऊन आत गेली आणि नवी थापून आली. जरा पातळ. मग मीठ घालून. मग अजून मऊ. आमच्याकडे पाहुण्याला चव लागली नाही तर दोष पाहुण्याला देत नाहीत, पुन्हा तवा ठेवतात. पोरगी सहा वेळा थुंकली. आई सहा वेळा आत गेली. शेवटी घाबरून मला म्हणाली, "सायेब, पीठ जुना हाय काय? शेजारून आनू?"

दिग्दर्शक वैतागला. "या लोकांच्या डोक्यात काही शिरतं का रे? तिला सांग, पहिल्यासारखीच भाकरी पाहिजे, शॉट जुळायला हवा."

युनिट हसलं. मीही हसलो.

हे सगळं खोटं आहे, एवढं तिला सांगायला काय लागत होतं? पण नीट सांगायचं तर आमच्या बोलीत सांगावं लागलं असतं. मग मी कोण ते युनिटला कळलं असतं, म्हणून सांगितलं नाही. आजही ते आठवलं की अंगाची आग होते.

चार दिवसांनी मुंबईतल्या स्टुडिओत निवेदन वाचायला बसलो. कानावर हेडफोन. आईच्या पदराला लावलेला माइक आम्ही बंदच केला नव्हता. ती चुलीपुढे काय बोलली तेही टिपलं गेलं होतं. शेजारची काशी तिला विचारत होती, "तुझाच पोर ना तो? मंग सायेब कशाला बोलतंस?"

आणि आईचा आवाज. "हळू बोल. त्याला आमची लाज वाटते. वाटू दे. त्याचं काम बिघडाया नको."

समोर कागद होता. 'भुकेपोटी इथली माणसं काहीही खातात.' वाक्य माझंच. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. मी म्हणालो, "ही माझी आई आहे. मी आदिवासी आहे. हे वाक्य खोटं आहे आणि ते मी लिहिलंय."

"ड्रामा नको. वाच," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

"नाही वाचणार."

हेडफोन काढला आणि बाहेर पडलो. काम गेलं. भाग दाखवला गेलाच, दुसऱ्याच्या आवाजात. बोईसरच्या चहाच्या टपरीवर कामगार तो मोबाइलवर बघत होते. एकजण म्हणाला, "क्या खाते हैं ये लोग!" मी म्हणालो, "मेरी माँ के हाथ की रोटी है." हसू थांबलं. माझी मान मात्र वर झाली नाही.

आईची माफी मी अजून मागितलेली नाही. मागितली तर ती लगेच देईल आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही. आता जिथे माझा आवाज हवा असेल तिथे मी आधी आडनाव सांगतो. आईला मावशी म्हणणारा तो मीच, हेही सांगतो. त्यानंतर ज्याला माझ्यापुढे माइक ठेवायचा त्याने ठेवावा.