चाकणचे दोन, कार्लचे साडेदहा

लेथखाली लोखंडाचा चुरा साठतो, तसे आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से साठतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच! त्यातले निम्मे आमच्या गायकवाड साहेबांचे आणि जर्मनीतल्या कार्लचे. कार्लचं गाव चाकणहूनही लहान. त्याची कंपनी आमचे पार्ट घेते. आमचे दोन वाजले की त्याचे साडेदहा, आणि मीटिंग तेव्हाच. मी जुना फिटर, सगळे मला तात्या म्हणतात. पार्ट कॅमेऱ्यासमोर धरायचं काम माझं.

*

साहेब रोज वीस मिनिटं उशिरा, आणि कारण रोज एकच. "चौकात ट्रॅफिक!"

एकदा कार्ल शांतपणे काहीतरी म्हणाला. ऑफिसातल्या स्नेहाने मराठीत सांगितलं, "साहेब, तो विचारतोय, ट्रॅफिक रोज ठरल्या वेळेला येतो, मग तुम्ही का येत नाही?"

साहेब म्हणाले, "त्याला सांग, आवाज येत नाहीये!"

*

गुरुवारी आमच्या भागाची वीज बंद, म्हणून आम्हाला सुट्टी. शुक्रवारी दुपारी एकनंतर कार्लच्या गावात कुणी फोन उचलत नाही. शनिवार-रविवार त्यांची सुट्टी.

साहेब वैतागले. "आठवड्याचे साडेतीन दिवस उरतात हो तात्या! काम करायचं कधी?"

कॉन्ट्रॅक्टवरचा संतोष मागून म्हणाला, "त्यातनं ट्रॅफिक वजा करा, साहेब!"

*

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा केली, झेंडूचा हार घातला. त्यानंतर दिवसभर मशीनला हात लावायचा नाही. नेमका त्याच दिवशी कार्लला एक पीस हवा होता.

"मशीनला आज सुट्टी आहे," साहेब म्हणाले.

"उद्या किती वाजता कामावर येईल?"

"आठला. अगदी वेळेवर!"

कार्ल जरा विचार करून म्हणाला, "मग यापुढे मीटिंग मशीनशीच ठेवू."

*

मग नवी ऑर्डर यायची होती. सोमवारी दोनच्या मीटिंगला सॅम्पल दाखवायचं, नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. बारा कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं काम त्यावर अवलंबून होतं. संतोषने नुकतंच लातूरहून बायको-लेकीला आणलं होतं. लेक बालवाडीत रुळली होती. मला आजोबा म्हणायची.

सॅम्पल भोसरीला हीट ट्रीटमेंटला, म्हणजे भट्टीत तापवून कडक करायला गेलं होतं. साहेब स्वतः आणायला गेले.

दोन वाजले. सव्वादोन. साहेबांचा फोन आला, "तात्या, चौकात अडकलोय."

जन्मात कुणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो, "गाडी सोडा आणि पळत या!"

दोन चाळीसला साहेब आले. शर्ट घामाने चिंब, सॅम्पलचा डबा छातीशी धरलेला. स्क्रीनवर कार्लची खुर्ची रिकामी. संतोष दारातच खाली बसला. साहेब त्याच्याकडे बघत म्हणाले, "माझ्यामुळे गेलं रे सगळं." मी सॅम्पल पुसत राहिलो.

तीनला पाच कमी असताना स्क्रीनवर कार्ल आला, हातात कॉफीचा मग. साहेबांना बघून दचकला, भराभर बोलायला लागला.

स्नेहाच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "साहेब, थंडी आली की ते घड्याळ एक तास मागे घेतात. काल घेतलं. तिकडे अजून साडेदहा वाजायचेत!"

"मग तो एवढा घाबरलाय का?"

"तो विचारतोय, गायकवाड वेळेआधी आलेत, कंपनीत कुणी वारलं का?"