दहा पावलं

ऑनलाइन दुकान उघडावं आणि काही बघायच्या आत समोर चौकट टपकावी, ‘थांबा! पहिल्या खरेदीवर सवलत!’ मग ती बंद करायची फुली शोधता शोधता तुमच्या तोंडात शिवी यावी. ती शिवी मला लागते, कारण अशा चौकटी बसवण्यावर माझं पोट आहे. त्यांना पॉपअप म्हणतात. माझा मामा त्याला पाटी म्हणायचा.

मामा बूट शिवायचा. ज्यांचा एक पाय आखूड आहे किंवा एक पाऊल लहान आहे, अशांचे. गिऱ्हाईक आलं की त्याला कागदावर उभं करून पेन्सिलीने दोन्ही पावलांची कड काढायची, चामड्याचे थर एकावर एक चिकटवायचे, रापीने तासायचे आणि आखूड पायाच्या बुटाचा तळ हवा तेवढा जाड करायचा. जोड तयार झाला की दुकानातच दहा पावलं चालायला लावायचा. तोवर स्वतः जमिनीला गाल टेकवून टाचांकडे बघत राहायचा. एका वकिलाला त्याने सहा वेळा परत बसवलं. वकील वैतागून म्हणाला, “अहो, चालतंय मला!” मामा म्हणाला, “तुम्हाला चालतंय, मला नाही.” आणि बूट ओढून घेतला.

त्याने लग्न केलं नाही. दुकानामागे एक खोली, तिच्यात खाट, शेगडी आणि भिंतभर लाकडी साचे. माझी आई म्हणायची, “माझ्या भावाला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत, पावलांनी राहतात.”

सत्तरी ओलांडली आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला. सुरुवातीला सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, पण हा दारातच सांगायचा, “हात थरथरतो माझा. दहा पावलं चालून बघा, मगच न्या.” अर्धी गिऱ्हाइकं दारातूनच वळायची. आठवड्याला एखादा जोड, मग पंधरवड्याला. तो दिवसभर धार लावलेल्या रापीला पुन्हा धार लावत बसायचा. मला ते बघवेना. मी त्याला ऑनलाइन दुकान काढून दिलं. पावलांची कड कागदावर काढून पोस्टाने पाठवा, मापं लिहा, बूट घरी येतील.

सवयीने मी सवलतीची चौकटही बसवली होती. ती बघून तो म्हणाला, “गिऱ्हाईक निघालं की मी त्याचा सदरा धरून ओढतो का गं?”

“नाही.”

“मग ही काढ. त्या जागी माझी पाटी लाव.”

आणि त्याने मजकूर सांगितला. अजून पाठ आहे मला. ‘माझा उजवा हात थरथरतो. तळाच्या जाडीत गव्हाच्या दाण्याएवढा फरक राहू शकतो. जोड आल्यावर सपाट जमिनीवर, कुणाचा तरी हात धरून, दहा पावलं चाला. बूट डुगडुगला तर घालू नका. मला परत पाठवा, मी नीट करून देईन.’

“पूर्ण वाचल्याशिवाय पुढे जाता येता कामा नये,” तो म्हणाला. “दुकानात मी समोर असतो. इथे ही पाटीच मी.”

मी लावली. महिनाभरात एकही मागणी आली नाही. लोक यायचे, पाटी वाचायचे आणि निघून जायचे. मी त्याला आकडे दाखवले, तर म्हणतो, “बरोबर आहे त्यांचं. पाय त्यांचे आहेत.” मी रागाने लाल झाले. मी म्हटलं, स्वतःच्या हाताने स्वतःच्या दुकानाला कुलूप घालतोयस तू. तो हसला आणि चहा ठेवायला आत गेला. भांडं शेगडीवर ठेवताना हात एवढा हलला की अर्धं पाणी बाहेर सांडलं.

त्या दुपारी त्याच्या स्टुलावर बसून मी ते केलं. पाटी फक्त त्याच्या फोनवर दिसेल, बाकी कुणाच्याही नाही, अशी अट घातली. तीन ओळींचं काम. लोक एकमेकांना मामा बनवतात, मी सख्ख्या मामालाच बनवलं आणि वर त्याच्या हातचा चहा प्यायले.

मागण्या आल्या. पहिल्या महिन्यात तीन, मग पाच. मामाचा चेहराच पालटला. रोज सकाळी शटर उघडण्याआधी तो फोनवर आपलं दुकान उघडायचा, पाटी अथपासून इतिपर्यंत वाचायचा आणि मग कामाला लागायचा. समोरच्या इस्त्रीवाल्या बाईंना, पोस्टमनला, जो भेटेल त्याला सांगायचा, “हात थरथरतो हे वाचूनसुद्धा घेतात हो माझे बूट! उगाच घाबरत होतो मी. लोकांना खरं सांगितलेलं चालतं.” आईला फोन करून तेच. मला तर दर भेटीत. मी मान हलवायचे. तो एवढा खूश मी कधीच बघितला नव्हता, आणि तोंड उघडायची माझी हिंमत रोज थोडी कमी होत गेली.

सतरावा जोड एका नऊ वर्षांच्या मुलीचा होता. डावा पाय आखूड.

फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. मुलीची आई बोलत होती. नवे बूट घालून मुलगी शाळेत गेली आणि जिन्यात पडली. मनगट मोडलं. बाई ओरडत नव्हती, थकलेल्या आवाजात सांगत होती. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, घरी दहा पावलं चालवलंत का तिला? हात धरून?”

“कसली दहा पावलं?”

“पाटीवर लिहिलंय ना. उघडल्या उघडल्या येते ती.”

“काही येत नाही हो तिथे. आत्ता उघडूनच बसलेय मी.”

मामाने तिची माफी मागितली, फोन ठेवला आणि स्वतःच्या फोनवर दुकान उघडलं. पाटी होती. तो रस्ता ओलांडून इस्त्रीवाल्या बाईंकडे गेला. काचेतून मला दिसत होतं. बाईंनी इस्त्री उभी केली, फोन काढला, बोट फिरवलं आणि मान हलवली, नाही म्हणून.

तो परत आला. “तुझा फोन दे.”

दोन्ही फोन त्याने कामाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले. एकावर पाटी, एकावर नुसते बूट. हात थरथरत होता, पण तो नेहमीचाच.

“म्हणजे त्या मुलीच्या आईने वाचलंच नव्हतं.”

“नाही.”

“आणि बाकीच्यांनी?”

“कुणीच नाही, मामा.”

“एकानेही नाही?”

या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, त्याइतकं वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही. लपवलं त्यापेक्षाही वाईट. मी म्हटलं, “एकानेही नाही.” आणि मग रडत बरळले, दुकान बंद पडलं असतं, तुझ्यासाठीच केलं.

“पडू द्यायचं होतं,” तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने वही काढली आणि सतराही घरी फोन लावले. प्रत्येकाला तेच सांगितलं, हात थरथरतो माझा, बूट डुगडुगतो का बघा. पंधरा जणांशी बोलणं झालं. चौघांनी त्याच क्षणी जोड परत करतो म्हणून सांगितलं. दोघांनी उचललाच नाही, त्यांना पत्रं लिहिली. अक्षर एवढं वेडंवाकडं की मी म्हटलं, मी लिहून देऊ का? त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

मग म्हणाला, “नवी पाटी लाव.” आणि सांगितलं, ‘दुकान बंद आहे. माझे बूट ज्यांच्याकडे आहेत त्यांनी दहा पावलं चालल्याशिवाय घालू नयेत.’

मी टाइप केलं. ती तीन ओळींची अट काढून टाकली, दोनदा तपासलं. “झालं मामा. बघ, सगळ्यांना दिसतेय.”

मी फोन त्याच्यासमोर धरला. त्याने त्याकडे बघितलं नाही. तो उठला, चपला घातल्या, पुन्हा रस्ता ओलांडला आणि इस्त्रीवाल्या बाईंसमोर जाऊन उभा राहिला. बाईंनी फोन उघडून पाटी मोठ्याने वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावरच तो परत यायला वळला.